ईट येथील तीस तास

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांस हिमालय, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी अपेक्षित असते. ज्या गावाचे नाव सांगताच ऐकणारा ते पुन्हा एकवार विचारून घेतो, अशा गावी जाऊन आलेल्या मनुष्याने लेखणी उचलावी, हे कित्येकांस धाडसच वाटेल. तथापि गेल्या मार्गशीर्षात ईट येथे माझा जो दीड दिवसाचा मुक्काम घडला, त्यात एक गोष्ट अशी पाहावयास मिळाली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ती गोष्ट म्हणजे एका मनुष्याची विश्रांती. विश्रांती ही काही प्रवास करून पाहावयास जाण्याची वस्तू नव्हे, हे मी जाणतो. परंतु ही विश्रांती तासांनी मोजून दिलेली होती, आणि तास भरताच परत करावयाची होती.

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील गाव. २०२३ सालापर्यंत या जिल्ह्याचे सरकारी नाव उस्मानाबाद असे होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. बालाघाटच्या पठारावरील ही भूमी. पाऊस बेताचा, जमीन कोठे काळी तर कोठे मुरमाड, आणि मार्गशीर्षात जिकडे पाहावे तिकडे शाळूचे हिरवे रान. पश्चिमेस अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीत खर्डा लागतो. १७९५ साली मराठ्यांनी निजामाच्या फौजेस जेथे नमविले, तेच हे खर्डा. ईटच्याच तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. इकडे शेतीच्या जोडीस म्हशी, आणि म्हशींच्या पाठोपाठ खव्याच्या भट्ट्या. चार-पाच लिटर दूध आटावे तेव्हा कोठे किलोभर खवा हाती लागतो. आणि दूध आटत असता भट्टीवरील मनुष्यास कढईपुढून क्षणभरही हलता येत नाही, कारण उलथणे थांबले की खवा करपलाच. या गावी माझ्या आत्याचे घर आहे. आतोबा शाळेत मास्तर होते. त्यांस जाऊन आता सहा वर्षे झाली. त्यांच्या वर्षश्राद्धास जाण्याचा योग यंदा प्रथमच आला.

पुण्याहून ईटला जावयाचे तर करमाळा-परांड्यावरून सरळ वाट आहे. मी मात्र मोटार घेऊन मुद्दाम कुर्डुवाडी-बार्शीची आडवाट धरली. बार्शीस भगवंताचे दर्शन घ्यावे हा एक हेतू. आणि आतेभाऊ आगगाडीचा ड्रायव्हर असल्यामुळे, ज्या गाडीने या भागास प्रथम जगाशी जोडले तिचा मार्ग एकवार डोळ्यांखालून घालावा, हा दुसरा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला, तेव्हा बार्शीसारखी व्यापारी पेठ त्याच्या बाजूसच राहिली. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीच्या रुळांची योजना मांडली, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही चिमुकली गाडी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे ती हीच. १९०६ साली ती पंढरपुरास गेली, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. वारकऱ्यांस तिने विठोबाच्या पायांशी नेले आणि लातूरच्या अडतीवरील धान्य मुख्य मार्गावर आणून घातले. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. लातूरकडील फाट्यावर २००७-०८ साली रुंद रूळ पडले, आणि अडीच फुटी गाडीचे तेथील आयुष्य संपले.

याच मार्गाने २०१६ च्या एप्रिलात एक विलक्षण मालगाडी गेली. लातूर शहराचे पाणी आटले होते. मिरजेहून दहा वाघिणी पाण्याने भरून निघाल्या. प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव अशी मजल करीत ती गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या आणि पावसाळा लागून गेल्यावरही काही काळ हे पाणी येत राहिले. ‘जलदूत’ हे त्या गाडीचे नाव लातूरकर अद्याप विसरलेले नाहीत. त्या गाड्या हाकणारे कोण होते, हे मात्र कोणी विचारले नाही. मालगाडीच्या ड्रायव्हराचे नाव विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. उतारूंच्या गाडीस निदान खिडक्या असतात आणि त्यांतून कोणी हात तरी हलवितो.

बार्शी सुटली की लोहमार्ग पूर्वेकडे वळतो आणि भूमची सडक उत्तरेस निघते. ईटकडे रूळ कधीच आले नाहीत. इंजिनाची शिटी ज्या गावी ऐकू येत नाही, त्या गावच्या मास्तरांचा मुलगा मालगाडीचा ड्रायव्हर झाला, याचे गावास प्रथम मोठे कौतुक वाटले. सरकारी कागदांत आता या हुद्द्यास लोको पायलट म्हणतात. आत्या अद्याप ड्रायव्हर असेच म्हणते, आणि मीही तिचेच ऐकतो. मुख्य मार्गावरील एका मोठ्या जंक्शनावर त्याचे ठाणे आहे. तेथून ईट म्हणजे एक आगगाडी, तीन एस.टी. आणि सहा तास.

मी तिन्हीसांजेस पोहोचलो. श्राद्ध दुसऱ्या दिवशी होते. सूनबाई मुलांस घेऊन दोन दिवस आधीच आल्या होत्या. आतेभावाचा मात्र पत्ता नव्हता. माजघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर प्रत्येक तिथीखाली शिसपेन्सिलीने ‘गेला’, ‘आला’ आणि पुढे तास, अशा बारीक अक्षरांत नोंदी होत्या. मी विचारले तेव्हा आत्या म्हणाली, “तो फोनवर सांगतो, मी लिहून ठेवते. घरी येईल तो दिवस सांगता येत नाही. निदान झोपला केव्हा एवढे तरी कळते.” छापलेली तिथी सूर्यचंद्रांनी ठरविलेली, पेन्सिलीची नोंद नियंत्रण-कचेरीने. एकाच चौकोनात दोन पंचांगे नांदत होती.

जेवणे झाल्यावर ओसरीवर बसलो असता सूनबाईंनी मला हे दुसरे पंचांग समजावून दिले. त्या शिकलेल्या असून नियमांची पुस्तिका त्यांस नवऱ्याइतकीच पाठ आहे. त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही सकाळी कचेरीत गेलात की संध्याकाळी घरी येणार, हे वहिनींना ठाऊक असते. आमच्याकडे गेलेला माणूस परत येणार एवढेच ठाऊक. केव्हा, ते मालावर आणि मार्गावर.”

त्याचे कारण असे. मेल-एक्स्प्रेस व पॅसेंजर गाड्यांस वेळापत्रक असते. म्हणून त्यांच्या ड्रायव्हरांची पाळीही आगाऊ आखता येते. त्या आखणीस ‘लिंक’ म्हणतात. अमुक वारी अमुक गाडी, अमुक ठिकाणी मुक्काम, अमुक वेळी परत. मालगाडीस असे वेळापत्रक नाही. कोळसा, सिमेंट, खत, साखर, धान्य हे भरून झाले, इंजिन मिळाले आणि पुढचा मार्ग मोकळा झाला की ती निघावयाची. म्हणून ड्रायव्हरांची एक रांग असते. जो आधी कामावरून मोकळा झाला तो विश्रांती संपताच आधी पुन्हा कामावर. गाडीच्या आधी साधारण दोन तास बोलावणे येते. वाफेच्या इंजिनांच्या काळी ‘कॉलबॉय’ नावाचा नोकर वही आणि कंदील घेऊन रात्री-अपरात्री चाळीतील दार ठोठावीत असे; वहीत सही घेतल्यावाचून तो हलत नसे. त्या ठोठावण्याने सारी चाळ जागी होई आणि आज कोणाच्या घरची पाळी ते शेजारणींस कळे. आता खिशातील फोन वाजतो. जागे व्हावयाचे ते एकच घर होते. पुढे लॉबीत हजेरी, तोंडाच्या वाफेवरून दारूची परीक्षा, मार्गावरील नव्या सूचनांचे वाचन, आणि मग इंजिन ताब्यात घेणे.

हाती येणारे ओझे किती? भरलेल्या कोळशाच्या गाडीस सुमारे ५८ वाघिणी असतात आणि एकंदर वजन पावणेपाच हजार टनांच्या घरात जाते. लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास. एवढे धूड वेगात असता ब्रेक लावला तरी जागच्या जागी थांबत नाही. पुष्कळ अंतर धावतच राहते. म्हणून ड्रायव्हरास पुढील सिग्नल दिसण्यापूर्वीच त्याचा विचार करावा लागतो. आणि असे असूनही या गाडीस मार्गावर मान नाही. मागून मेल आली की मालगाडी बाजूच्या रुळावर घेतात. एक मेल जाते, दुसरी जाते, स्टेशनमास्तर हिरवे दाखवीत नाही. गाडी उभी असते, पण ड्रायव्हराचे घड्याळ चालू असते. कामाचे तास भरून आले तर दुसरा ड्रायव्हर पाठवावा लागतो आणि पहिला कोणत्या तरी गाडीत बसून परत येतो.

या तासांचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने कामाच्या तासांचा पहिला करार केला, आणि हिंदुस्थानने तो १९२१ साली मान्य केला. त्यास अनुसरून रेल्वेच्या कायद्यात कामाच्या तासांचे कलम आले ते १९३० साली. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४७ साली लवाद म्हणून जो निवाडा दिला, त्यात सतत स्वरूपाच्या कामास आठवड्याचे ५४ तास ठरले. हा आकडा पुढे १९८९ च्या रेल्वे कायद्यातही राहिला. कागदावर हे ठीक होते. पण मालगाडीवर एका दमात चौदा-पंधरा तास काढणे, ही जुन्या ड्रायव्हरांस नवलाची गोष्ट नव्हती. १९७३ साली इंजिनावरील लोकांनी संप केला, तेव्हा दहा तासांचे तत्त्व सरकारने मान्य केले. आणि मे १९७४ चा जो देशव्यापी रेल्वेसंप झाला, त्याच्या मागण्यांतही कामाच्या तासांची मागणी होतीच. २०१६ पासून गाडी चालविण्याचे काम एका वेळी सामान्यतः नऊ तासांवर जाऊ नये, असा दंडक आहे.

“काम किती हे ठरले,” सूनबाई म्हणाल्या, “पण झोप किती, हा खरा प्रश्न.” आठ तास वा अधिक काम झाले असता ठाण्यावर परतल्यावर १६ तास, आणि बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये ८ तास विश्रांती, असा नियम आहे. याखेरीज साप्ताहिक सुटीच्या जागी महिन्यातून चार वेळा सलग ३० तास, अथवा पाच वेळा सलग २२ तास सुटी. तीत एक पुरी रात्र अंथरुणावर गेली पाहिजे. आता वाद असा की, हे ३० तास रोजच्या १६ तासांसह धरावयाचे, की १६ संपल्यावर ३० मोजावयाचे? ड्रायव्हरांच्या संघटना म्हणतात, १६ आणि ३० मिळून ४६. जून २०२४ मध्ये केरळातील ड्रायव्हरांनी याच मुद्द्यावर आंदोलन केले. आपणांस रविवारी सकाळी उशिरा उठावयाचे असले, तर शनिवारच्या रात्रीची झोप रविवारच्या सुटीत धरतात काय? हा प्रश्न सूनबाईंनी मला विचारला. मजपाशी उत्तर नव्हते.

आतेभावास श्राद्धासाठी असे तीस तास मिळावयाचे होते. त्या सायंकाळी बाहेरगावच्या रनिंग रूममधून त्याचा फोन आला होता की, साडेसातला ठाण्याकडे जाणाऱ्या मालगाडीवर त्यास घेतले आहे. सारे सुरळीत झाले तर रात्री दोनपर्यंत तो मोकळा होईल आणि आठाच्या सुमारास ईटास पोहोचेल. त्यापुढे फोन लागणार नव्हता. गाडी चालविताना फोन बंद ठेवावा लागतो, आणि तेच योग्य आहे. परंतु या नियमाची या घरास एक आठवण आहे. आतोबा गेले त्या रात्रीही तो गाडीवर होता. निरोप मिळाला तो गाडी थांबल्यावर, आणि घरी पोहोचला तो अग्नी देण्यापुरता. यात दोष कोणाचाच नव्हता. पण ज्यास वडिलांचे अखेरचे बोलणे ऐकावयास मिळाले नाही, तो त्यांची तिथी किती जिवापाड सांभाळीत असेल, हे वाचकांस सांगावयास नको.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पहाटे तीनच्या सुमारास जागा झालो. सारे गाव निजलेले. दूर कोठे कुत्रे भुंकले एवढेच. रात्री दोन ते पाच या वेळात मनुष्याच्या शरीराची सावधानता सर्वांत मंद होते, असे शास्त्रज्ञांचे सांगणे आहे. मनुष्य कितीही निश्चयी असो, त्या वेळी शरीर झोप मागतेच. म्हणून अलीकडे इंजिनात एक यंत्र बसविलेले असते: ड्रायव्हराने साठ सेकंदांत कोणतीच कळ हलविली नाही, तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही हालचाल झाली नाही तर गाडीचा ब्रेक आपोआप लागतो. मी अंधारात पडून मनाशी साठ आकडे मोजून पाहिले. दुसऱ्या खेपेस चाळिशीतच माझे भान सुटले. मला झोपण्याची मुभा होती.

आठ वाजले, नऊ वाजले. गुरुजी आले, दोन ब्राह्मणांस आमंत्रण होते ते येऊन बसले. स्वयंपाकघरात वडे-खिरीची तयारी चालली होती. मार्गशीर्षातील दिवस लहान. दिवसाचे पाच भाग केले म्हणजे चौथा जो अपराह्ण, तो इकडे साधारणतः दीड ते पावणेचार असा येतो, आणि श्राद्धाची वेळ तीच. सूनबाई फाटकापाशी दोनदा जाऊन आल्या. आत्या काही बोलत नव्हती. ती डाळ वाटत होती. पाचाच्या सुमारास फोन आला होता एवढेच तिने सांगितले: गाडी दोन ठिकाणी मेलसाठी बाजूस घेतली, म्हणून मोकळा होण्यास पाच वाजले. म्हणजे तीस तास सुरू झाले ते पाचास, आणि संपणार दुसऱ्या दिवशी अकरास.

अकराच्या ठोक्यास तो आला. खांद्यावर पिशवी, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. धाकट्या मुलीने धावत जाऊन त्यास मिठी मारली. या मुलीस इंजिन चालवावयाचे आहे. मार्च २०२३ मध्ये सातारच्या सुरेखा यादव यांनी सोलापुराहून मुंबईस वंदे भारत गाडी नेली, त्यांचे वर्तमानपत्रातील छायाचित्र तिने कापून ठेवले आहे. तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “आंघोळ करून येतो. गुरुजी, उशीर झाला का?”

आदल्या सायंकाळच्या जेवणानंतर त्याच्या पोटात चहापलीकडे काही नव्हते. श्राद्ध होईपर्यंत कर्त्याने खावयाचेही नाही. चोवीस तास डोळ्यास डोळा नव्हता. गुरुजी म्हणाले, “उशीर नाही. दीडला सुरुवात करू. तोवर तर्पणाची तयारी, दर्भ, पवित्रके...” तो मान डोलावीत होता, पण उभ्या-उभ्याच त्याची मान एकदा खाली गेली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. “गुरुजी, अपराह्ण कुठवर आहे?”

“पावणेचारपर्यंत धरा.”

“मग अडीचला संकल्प सोडू. तोवर निजू द्या त्याला.”

गुरुजी किंचित घुटमळले. दोन घरची आमंत्रणे त्यांस असावीत. ब्राह्मणांपैकी एक वयस्क होते, त्यांस भूक लागली होती. आतेभाऊ स्वतःच म्हणाला, “आई, नको. बाबांचे काम आहे. मी ठीक आहे.”

तेव्हा आत्या जे बोलली ते माझ्या कानात अद्याप आहे. “बाबांना मी सांगेन. उद्या रात्री पुन्हा इंजिनावर बसायचे आहेस. बाबांची तिथी आज चुकली तर शास्त्रात तोड आहे; तुझा डोळा चुकला तर नाही.”

शास्त्रात तोड आहे हे खरेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी पंढरपुरात बसून ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. आपल्या घरांतील बहुतेक आचार त्याच्याच आधाराने चालतात. श्राद्धास विघ्न आल्यास ते अमावास्येस किंवा वद्य एकादशीस करावे, अशी सोय आपल्या धर्मशास्त्रकारांनी करून ठेवली आहे. मनुष्याच्या संसारात अडचणी येतात, हे त्या शास्त्र्यांनी ओळखले होते. निद्रेला मात्र अशी पर्यायी तिथी नाही. आज चुकलेली झोप पुढल्या अमावास्येस घेता येत नाही.

गुरुजी हसले. “आत्याबाई, तुमचेच बरोबर,” म्हणत त्यांनी ओसरीवर चटई ओढली आणि स्वतःही आडवे झाले. वयस्क ब्राह्मणांस आत्याने दूध दिले. घरातील दारे लोटली गेली. मुलांस मळ्यात पाठविले. सूनबाईंनी मिक्सर बंद करून उरलेले वाटण पाट्यावर घेतले, तेही परसात नेऊन. अकरा जणांचे घर अडीच तास कुजबुजत वावरले. मला कळले की, हा या घरचा सराव आहे. जंक्शनावरील चाळीतही दुपारी बाराला पडदे ओढलेले असतात आणि मुले ‘बाबा निजलेत’ म्हणून जिन्यात खेळतात. सरकार विश्रांती देते म्हणजे तास देते. त्या तासांची झोप घरातील बायका-मुले करून देतात. ड्रायव्हराच्या पाळीत त्यांचीही पाळी असते. तिची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.

सव्वादोनला आत्याने त्यास हाक मारली. स्नान करून, सोवळे नेसून तो पाटावर बसला तेव्हा त्याचा चेहरा निराळा दिसत होता. संकल्प, आवाहन, ब्राह्मणभोजन, पिंडदान हे सर्व यथासांग झाले. पिंडांवर तिळोदक सोडताना त्याचा हात स्थिर होता. पावणेचारास पाच मिनिटे असता गुरुजींनी पळी खाली ठेवली. आत्याने भिंतीवरील दिनदर्शिकेपाशी जाऊन त्या दिवसाच्या तिथीखाली पेन्सिलीने लिहिले: ‘आला ११. निजला ११॥ ते २।.’ श्राद्धाची नोंद तिने केली नाही. ती तिथीबरोबर छापलेलीच होती, असे तिला वाटले असावे.

सायंकाळी आम्ही दोघे शाळूच्या रानाकडे फिरावयास गेलो. मी त्यास म्हटले, “एवढे हाल काढून येतोस. एखादा वरचा हुद्दा, कचेरीतले काम नाही का मिळत?” तो म्हणाला, “दादा, हाल म्हणू नका. रात्री मालगाडी घेऊन निघालो की पुढे फक्त दिव्याचा प्रकाश आणि रूळ असतात. मागे हजारो टन असतात. ते ज्याचे त्याला पोहोचवायचे असते. ते काम मला आवडते. फक्त झोप झालेली असावी. झोप झालेली असली की सिग्नल लांबूनच दिसतो. नसली की जवळ येऊन दिसतो.” एवढेच तो बोलला. परत येताना खव्याच्या भट्टीवर एक मनुष्य कढईपुढे उभा होता. आतेभाऊ थांबून त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “याचेही माझ्यासारखेच.”

हिशेब सरळ होता. तीस तासांतून जाण्यायेण्याचे बारा वजा जाता अठरा उरतात. त्यांत वडिलांचे श्राद्ध, आईशी दोन शब्द, मुलांस मांडीवर घेणे आणि एक पुरी रात्र. नियमाची रात्र त्यास मिळावी म्हणून मी म्हटले, “पहाटे तुला एस.टी. धरावयाची गरज नाही. मी मोटारीने कुर्डुवाडीस सोडतो.” तेवढ्याने त्यास दीड तास अधिक निजता आले. दिनदर्शिकेवर ते कोणी लिहिले असेल तर मला माहीत नाही.

पहाटे पाचाच्या पुढे आम्ही निघालो. आत्याने दशम्यांची पुरचुंडी दिली, दही घातले, आणि नेहमीप्रमाणे एकच वाक्य म्हटले: “पोहोचलास की निज, मग फोन कर.” भूम येईपर्यंत तो बोलत होता, पुढे बार्शीपर्यंत मागच्या बाकावर गाढ झोपला. मी आयुष्यात इतकी जपून मोटार कधी चालविली नाही. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करी. एका निजलेल्या मनुष्यास सांभाळून नेणे एवढ्या जोखमीचे वाटावे, याचे मला नवल वाटले. मग ध्यानात आले की, तो रोज रात्री शेकडो गावांच्या कडेने, निजलेल्या लोकांच्या उशापासून, असाच जपून जात असतो.

कुर्डुवाडीस त्याची गाडी यावयास अवकाश होता. आम्ही फलाटावर चहा घेत उभे होतो. इतक्यात बाजूच्या मार्गाने एक मालगाडी आली. न थांबता, मंदगतीने. तिच्या ड्रायव्हराने हात वर केला, आतेभावानेही केला. मला वाटले, ओळख असावी. पण तो म्हणाला, “नाही, ओळखत नाही.” आणि मग तो माझ्याशी बोलावयाचा थांबला. एकामागून एक वाघिणी जात होत्या, आणि तो प्रत्येकीच्या चाकांकडे, खाली लोंबणाऱ्या साखळ्यांकडे, आसांकडे निरखून पाहत होता: कोठे धूर तर नाही, काही घासत तर नाही. त्याच्या कामाचे तास सुरू व्हावयास अजून बराच वेळ होता. शेवटची वाघीण आणि गार्डाचा डबा गेल्यावर त्याने मान हलविली आणि चहाचा पेला तोंडास लावला. “ठीक आहे,” तो म्हणाला. त्याचे डोळे स्वच्छ होते.